रुमाल सोडताना

जानेवारी लागला की एम.ए. इतिहासाच्या पहिल्या वर्षात एकच प्रश्न फिरू लागतो : "सर, ओजेटी कुठं करायची?" नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचं 'ऑन जॉब ट्रेनिंग' किंवा क्षेत्रप्रकल्प करावा लागतो. एका क्रेडिटला ३० तास धरले, तर १२० तास. रसायनशास्त्राची मुलं कारखान्याच्या प्रयोगशाळेत जातात, वाणिज्यची सीएच्या ऑफिसात. इतिहासाच्या मुलांनी कुठं जायचं?

एका जिल्ह्याच्या गावी मी हाच प्रश्न उलटा विचारला : गेल्या वर्षी कोण कुठं गेलं होतं? दोघं गावातल्या शाळेत तास घेऊन आले होते. एक जण ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसात बसून तिकिटं काढत होता. तिघांनी कॉलेजच्याच ग्रंथालयात पुस्तकांवर नंबर टाकले. काहींनी ओळखीच्या ठिकाणाहून सही-शिक्क्याचा कागद आणला होता, ते त्यांनी सरळ सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी तोवर गप्प होती. वडिलांचं तालुक्याच्या गावात सलून, ही घरातली पहिली एम.ए. करणारी. वर्ग सुटल्यावर ती जिन्यात थांबली आणि म्हणाली, "मॅडम, इतिहासाचं काम असतं तरी कुठं?"

तिला जिन्यात उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही, ते इथं लिहिते आहे.

महाराष्ट्रात इतिहासाचं काम वर्गाबाहेरच उभं राहिलं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. वाईला एका घरात जुनी पत्रं हाती लागली, त्यांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढं खंडांची संख्या २२ वर गेली. त्यासाठी ते गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवर चढले, कागद द्यायला नाखूश असलेल्या मालकांच्या ओसरीवर बसून राहिले. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवत. शाळा सुटल्यावर ते पटवर्धनांच्या दप्तरात बसत, आणि त्यांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह' त्यातून झाला. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या पदरी नोकरीला होते. साठीला निवृत्त झाले आणि त्यानंतर पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी संपादित केले. पुण्यात ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, तेव्हा महाराष्ट्रात इतिहास शिकवणारे होते, इतिहासाची साधनं जमवणारे मोजके होते.

या माणसांच्या थोरवीपेक्षा मला त्यांची रीत महत्त्वाची वाटते. कागद शोधायचा, वाचायचा, तारीख लावायची, छापायचा, मग त्यावर बोलायचं. आज विद्यार्थी शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतात. बोलायला त्यांना आम्हीच शिकवतो. त्याआधीच्या चार पायऱ्या बहुतेकांनी पाहिलेल्याच नसतात.

त्या चढायच्या तर आधी मोडी यायला हवी.

मोडीचे वर्ग महाराष्ट्रात आज बरेच चालतात. मंडळात चालतात, राज्याचं पुराभिलेख संचालनालय घेतं, काही विद्यापीठं आणि कॉलेजं घेतात, कुठं कुठं निवृत्त शिक्षक आपल्या घरी घेतात. अशाच एका वर्गात मी एक आठवडा बसले. बाकांवर एम.ए.ची मुलं होती, दोन वकील होते, जमिनींची कामं करणारा एक जण होता, आणि पासष्टीच्या एक आजी होत्या. माहेरच्या पेटीत निघालेलं सासऱ्यांचं पत्र त्यांना स्वतः वाचायचं होतं.

पहिले दोन दिवस सगळे खुशीत असतात. अक्षरं वळतात, स्वतःचं नाव लिहिता येतं, मोबाइलवर त्याचा फोटो जातो. तिसऱ्या दिवशी बाई खरा कागद फळ्यावर लावतात आणि वर्ग गप्प होतो. मोडी लिहिणारा आधी कागदभर एक आडवी रेघ ओढतो आणि मग बोरू न उचलता तिला अक्षरं टांगत जातो. शब्द कुठं संपला ते कळत नाही. वाक्य कुठं संपलं ते तर नाहीच. ऱ्हस्वदीर्घ नाही. 'दिन' आणि 'दीन' एकच. प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. शिवाय घाईच्या माणसाचे संक्षेप : 'राजश्री'चा नुसता 'रा' आणि पुढं दोन दंड. बाई म्हणाल्या, "अक्षर ओळखू नका. आधी माणूस कशाबद्दल लिहितोय ते ओळखा. वाक्य आलं की अक्षर येतं."

हे सूत्र मला इतिहासाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळालं नव्हतं. पिकाबद्दलचा कागद असेल तर पुढचा शब्द खंडी किंवा मण असणार, घोड्याबद्दलचा असेल तर दाणा-वैरण असणार. म्हणजे वाचण्यासाठी त्या काळातलं रोजचं जगणं ठाऊक हवं. आणि ते जगणं कळतं असे कागद वाचूनच. सुरुवातीला माणूस या चक्रात अडकतो, आणि एखाद्या दुपारी अचानक आत शिरतो. त्या वर्गात पाचव्या दिवशी आजींना 'कळावे' हा शब्द सापडला तेव्हा सगळा वर्ग त्यांच्याकडं वळून पाहत होता.

तारखेची गोष्ट मला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण तिथं मी स्वतः पडले होते. मराठी कागदांत शक येतो, राज्याभिषेक शक येतो, फसली येतो, आणि शुहूर सन येतो. शुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहितात : 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे म्हणजे १, सितैन म्हणजे ६०, मया म्हणजे १००, अलफ म्हणजे १०००. मिळून ११६१. इसवी सन काढायचा तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. कधी ५९९ आणि कधी ६००? हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००.

विद्यार्थी असताना सरावासाठी मला याच ११६१ सालचा, श्रावणातला एक हिशेबी कागद मिळाला होता. रोजचा खर्च, तेल, वाती, देवाला नैवेद्य. मी ६०० मिळवले. १७६१ आलं. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला, म्हणजे माझ्या हिशेबानं हा कागद पानिपतानंतरच्या श्रावणातला. मी त्यावर आठ पानांचा निबंध लिहिला : एवढा घाला पडूनही कारखान्यांतले दिवे त्याच तेलानं कसे जळत राहिले. सरांनी निबंध वाचला, काही बोलले नाहीत, जंत्री उघडून माझ्यापुढं ठेवली. श्रावण मृगानंतर येतो. ५९९ मिळवायला हवे होते. कागद १७६० चा होता, पानिपताच्या आधीचा. एका आकड्यानं माझी आठ पानं उभी केली होती, आणि तोच आकडा त्यांच्याखालून निघून गेला. सर एवढंच म्हणाले, "आता यापुढं कुणाचंही पुस्तक वाचताना तारीख तपासशील." त्या दिवसापासून मी तपासते. ती सवय मला तीन वर्षांच्या व्याख्यानांनी लागली नव्हती.

मोडी आली की दप्तराचं दार उघडतं. पुण्यात काउन्सिल हॉलजवळ दगडी इमारत आहे, १८९१ ची. लोक तिला आजही पेशवे दप्तर म्हणतात, सरकारी नाव पुणे अभिलेखागार. मराठी राज्य १८१८ मध्ये गेल्यावर इंग्रजांनी जे कागद ताब्यात घेतले, पुढं इनाम कमिशननं गावोगावच्या सनदा तपासायला म्हणून जे मागवले, ते सारे इथं. जाड कापडात बांधलेल्या गठ्ठ्याला इथं रुमाल म्हणतात. असे हजारो रुमाल आणि त्यांत काही कोटी कागद. सरदेसायांचे ४५ खंड या साठ्यातून निघाले, तरी दप्तराचा फार मोठा भाग छापून झालेला नाही आणि त्यातला किती तरी कुणी नीट वाचलेलाही नाही. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याच्या पुराभिलेखांचा मुख्य साठा आहे, त्याची सुरुवात १८२१ ची. कोल्हापूरला करवीर संस्थानाचं दप्तर आहे. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी तिथंच गेले.

विद्यार्थ्याला तिथं जायला काय लागतं? विभागप्रमुखांचं पत्र, ओळखपत्र, विषय लिहिलेला अर्ज. पेन्सिल, कारण बहुतेक दप्तरखान्यांत शाईचं पेन चालत नाही. आणि धीर. पहिल्या दिवशी रुमाल समोर येतो, गाठ सोडली की जुन्या कागदाचा, धुळीचा वास येतो, आणि काय वाचावं तेच कळत नाही. राजे, सेनापती, तह यांची नावं शोधायला आलेल्या पोराला मिळते रोजकीर्द : आज किती जमा, किती खर्च, कुणाला काय दिलं. दुसऱ्या रुमालात प्रांत अजमास, म्हणजे त्या प्रांताच्या जमाखर्चाचा अंदाज. पोरं कंटाळतात. मी त्यांना सांगते, चार दिवस कंटाळा. पाचव्या दिवशी वाहून गेलेल्या बांधासाठी कुणी सूट मागितलेली दिसेल, पेठेत जकातीवरून झालेलं भांडण दिसेल, कुणी बटकी पळाल्याची फिर्याद दिसेल. लढाया पुस्तकांत आहेत. हे पुस्तकांत नाही.

महजर हा मला सगळ्यांत आवडणारा कागद. वतनाचा वाद गोतसभेपुढं आला की निवाडा लिहीत, आणि शेवटी हजर असलेल्यांच्या साक्षी घेत. लिहिता येणारे सही करत. बाकीचे निशाणी काढत. पाटलाचा नांगर. शेट्याचा तराजू. न्हाव्याचा आरसा. कारकून नाव लिही, आणि ज्याचं नाव त्याची निशाणी शेजारी. ज्यांनी आयुष्यात एक अक्षर लिहिलं नाही ती माणसं अशी शेवटच्या पानावर उभी आहेत. आमचा इतिहास कागदात नाही, असं ज्या घरांतली मुलं म्हणतात, त्यांना मी आधी हे शेवटचं पान दाखवते. सगळ्यांनाच तिथं जागा होती असं मी म्हणत नाही. बायका फार क्वचित येतात. गावकुसाबाहेरची माणसं येतात ती बहुतेक वेळा त्यांच्याकडून काय घ्यायचं ते सांगायला. पण हेही कागद वाचल्यावरच बोलता येतं.

मोडीनं पोट भरतं का, हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि तहसील कचेऱ्यांतून जुने जन्ममृत्यूचे रजिस्टर, कोतवाल बुकं, महसुली वह्या बाहेर निघाल्या. कितीतरी नोंदी मोडीत. तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत एकच धावपळ उडाली : मोडी वाचणारा कोण आहे? ज्या कॉलेजांतून पाच-सात पोरांना मोडी येत होती, त्यांना पहिल्यांदाच कचेरीतून बोलावणं आलं. त्यामागच्या मराठा आरक्षणाच्या राजकारणात मी शिरत नाही. मला दिसलं ते एवढंच, की एवढ्या मोठ्या राज्याला आपलेच कागद वाचायला माणसं कमी पडली. जमिनीच्या दाव्यांत, देवस्थानांच्या इनामांत, घराण्यांच्या वंशावळींत ही गरज रोजची आहे. चांगलं वाचणाऱ्याला काम मिळतं. मात्र चुकीचं वाचलं तर कुणाची तरी जमीन जाते, हेही त्या पोरांना आधी सांगायला हवं.

मोडीपाशीच थांबायचं नाही. पोर्तुगीज शिकलेला मराठी विद्यार्थी गोव्यात गेला तर पणजीच्या पुराभिलेखागारात त्याला मराठ्यांबद्दलचे कागद मिळतात. या संस्थेची मुळं १५९५ सालापर्यंत जातात. तिथंच पांडुरंग पिसुर्लेकरांनी हयात घालवली आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांवर लिहिलं. तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात भोसल्यांच्या राज्यातले मोडी कागद आहेत, आणि तमिळ मुलुखात मोडी वाचणारा माणूस मिळणं अवघड. फारसीबद्दल तर बोलायलाच नको. फारसी येणारा इतिहासाचा विद्यार्थी आज महाराष्ट्रात शोधून काढावा लागतो, आणि शिवकाळावर मतं सगळ्यांना आहेत.

कागदाच्या मागं जायचं असेल तर मातीत जायला हवं. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळियांनी पुरातत्त्वाचे विद्यार्थी घडवले ते मुख्यतः तंबूत. १९५४ पासून नेवाशाला, पुढं शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला. इनामगावचं उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात चाललं. ताम्रपाषाणयुगातली १३० हून अधिक घरं तिथं मिळाली, घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं मिळाली. ज्यांनी ते खणलं त्यांच्यात विद्यार्थी होते. थर कसा ओळखायचा, कुदळ कुठं थांबवून ब्रश हातात घ्यायचा, खापराच्या तुकड्यावर नंबर का टाकायचा, हे तिथंच शिकता येतं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुरातत्त्ववेत्ता व्हायचं नसलं तरी एक हंगाम त्यानं खड्ड्याच्या काठावर काढावा. चार इंच माती उतरायला दिवस जातो आणि त्या चार इंचांत दोन पिढ्या असू शकतात, हे हाताला कळतं.

दायमाबादची गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगते. श्रीरामपूर तालुक्यातलं प्रवरेकाठचं हे गाव. १९७४ मध्ये तिथल्या एका शेतकऱ्यानं झुडपाचं मूळ खणताना खाली काही लागलं म्हणून उकरलं, आणि बैलगाडीसारख्या रथावर उभा असलेला माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार भरीव ब्राँझची शिल्पं बाहेर आली. भारतातल्या मोठ्या शोधांपैकी हा एक, आणि तो सरपणाच्या कामातून लागला. म्हणून गावात गेलं की आधी चावडीवर, पारावर बसायचं. कुणाच्या शेतात नांगराला काय लागलं, हे गावाला ठाऊक असतं. स्वतः मात्र खणायचं नाही. परवान्याशिवाय खणणं हा गुन्हा आहे, आणि उपटून आणलेली वस्तू थर गमावून बसते, मग ती नुसती वस्तू उरते.

दगड तर आपल्या दारात आहेत. मुंबईच्या विद्यार्थ्यांना मी म्हणते, लोकलनं बोरिवलीला उतरा आणि एकसरला जा. तिथले वीरगळ पाहा. त्यांवर जहाजांची लढाई कोरली आहे. वल्ही मारणारे खलाशी, समोरासमोर आलेली गलबतं. वीरगळ खालून वर वाचायचा असतो : खाली मेलेला वीर, मध्ये युद्ध, मग त्याला नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर शिवलिंगाची पूजा, आणि टोकाला चंद्रसूर्य. अलिबागजवळच्या आक्षीचा गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारा कोरीव दगड, वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला पडून होता. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, अशी त्याची तारीख लावून अनेक अभ्यासक त्याला मराठीतला सगळ्यांत जुना शिलालेख मानतात, त्या वाचनावर वादही आहे. मराठी भाषेच्या थोरवीवर आपण इतकं बोलतो, आणि तिच्या पहिल्या ओळींपैकी एक अशी पावसात उभी होती.

एकेका तालुक्यातले वीरगळ, सतीशिळा, गद्धेगाळ, जुन्या विहिरी यांची गाववार नोंद हे १२० तासांत बसणारं काम आहे. फोटो, मोजमाप, नकाशावरची जागा, गावकरी त्याला काय म्हणतात, आज त्याचं काय होतंय. कुठं त्यावर शेंदूर चढलाय, कुठं तो धुण्याचा दगड झालाय, कुठं ऑइलपेंटनं रंगवून नवा देव केलाय. नुसती ही यादी जरी दरवर्षी एका तालुक्याची झाली तरी दहा वर्षांत एका जिल्ह्याचं चित्र हाती येईल. अट एकच. दगडावर खडू घासायचा नाही, तेल लावायचं नाही.

किल्ल्यांचं वेगळं सांगायला नको, पण एक गोष्ट टोचते ती बोलते. ११ जुलै २०२५ रोजी 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. गर्दी वाढेल. त्या गर्दीला गडावर गोष्ट कोण सांगणार? आज जागोजागी ऐकू येतात त्या कड्यावरून मारलेल्या उड्या आणि भुयारांच्या कथा. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना वाटाड्या म्हणून तयार करायला याहून चांगली वेळ नाही. बालेकिल्ला कशाला म्हणतात, टाक्यात पाणी कसं साठवत, गडकऱ्यांचा पगार काय होता, दारूगोळ्याचं कोठार राहत्या घरांपासून लांब का. खरी माहिती रंजक करून सांगणं अवघड असतं, आणि ते शिकणं हेसुद्धा शिक्षणच आहे.

आणि माणसं. दप्तर वाट पाहील, दगडही पाहील, माणसं थांबणार नाहीत. मराठवाड्यातला, सोलापूर-नगर पट्ट्यातला प्रत्येक विद्यार्थी घरी गेला की त्याच्या ओसरीवर बहात्तरचा दुष्काळ बसलेला असतो. खडी फोडायला गेलेली आजी, कामावर मिळालेली सुकडी, रेशनवर आलेला मिलो आणि त्याच्या तांबड्या भाकरी. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, हे पुस्तकात आहे. पाझर तलावाच्या कामावर पाळण्यातलं पोर कुणाजवळ ठेवत, हजेरी घेणारा मुकादम कसा वागे, एका विहिरीवर पाणी भरायला कुणाला येऊ दिलं आणि कुणाला नाही, हे आजीकडं आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभर आवाजांतून मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास उभा केला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कामातून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. मोठी कामं आहेत, आयुष्यं लागली. विद्यार्थ्यानं एका माणसापासून सुरुवात करावी.

तंत्र सोपं वाटतं, पण तसं नाही. मोबाइल समोर ठेवला की आजी सभेत बोलल्यासारखी बोलते. म्हणून पहिल्या दिवशी रेकॉर्डिंग नको. तिच्याबरोबर शेंगा फोडाव्यात, लसूण सोलावा. सरळ 'दुष्काळाबद्दल सांग' म्हणू नये. 'त्या वर्षी तुझं लग्न झालं होतं का?' असं विचारावं, मग साल आपोआप येतं. ती 'लई हाल झाले' म्हणाली तर तिथं थांबू नये. 'त्या दिवशी काय खाल्लं?' विचारावं. तिनं जे सांगू नकोस म्हटलं ते लिहू नये. आणि ती जे सांगते ते तिच्याच बोलीत लिहावं, आपल्या प्रमाण मराठीत धुऊन नाही.

आता एक कडू गोष्ट. ही सगळी दारं उघडी आहेत, पण त्यांतून आत कोण जातं? पुण्यामुंबईत घर असलेला, वडिलांचा पगार असलेला विद्यार्थी. महिनाभर दप्तरात बसायचं तर खोलीचं भाडं, मेस, बसचे पैसे लागतात. ओजेटीत बहुतेक ठिकाणी काही मिळत नाही. माझ्या माहितीतला एक मुलगा सकाळी दप्तरात आणि रात्री कुरिअरच्या गोदामात असा महिनाभर राहिला. रोजकीर्द वाचताना त्याचे डोळे मिटत. एका मुलीला उत्खननावर पाठवायला घरचे तयार नव्हते, कारण तंबूत राहायचं. तिच्याबरोबर बाई येणार आहेत हे कुणी घरी येऊन सांगितलं असतं तर ती गेली असती. कुणी सांगितलं नाही.

माझं मागणं मोठं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली 'कमवा आणि शिका' ही पद्धत आपल्या विद्यापीठांत आजही आहे. तिथली मुलं बागेत, ऑफिसात, ग्रंथालयात तास भरतात आणि त्याचं मानधन घेतात. तेच तास त्यांना दप्तरात भरू द्या. रुमालांची सूची करणं, फाटलेल्या कागदांची नोंद ठेवणं, कागद स्कॅन होताना पान उलटणं, ही सगळी मेहनतीची कामं आहेत आणि ती पडून आहेत. विद्यापीठ मानधन देणार, दप्तराला हात मिळणार, पोराला मोडी येणार. मुलींसाठी एक शिक्षिका आणि एक वसतिगृह एवढी सोय झाली की निम्मा वर्ग बाहेर पडेल. आणि शिक्षकांच्या कामात हे धरा. विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या प्राध्यापकाला आज स्वतःच्या रजेतून आणि स्वतःच्या पेट्रोलवर ते करावं लागतं. तरीही काही जण करतात, म्हणून हा लेख लिहिता आला.

जिन्यात भेटलेल्या त्या मुलीला मी एवढं सगळं नंतर फोनवर सांगितलं. तिनं मोडीचा वर्ग लावला, शनिवार-रविवारचा. एप्रिलमध्ये तिची ओजेटी सुरू झाली. कुठं, तर तिच्याच तालुक्यात. एका जुन्या वाड्यातल्या मालकांनी पत्र्याची पेटी दिली होती, वाळवी लागायच्या आत कुणीतरी पाहावं म्हणून. कागद मोजायचे, सपाट करायचे, एकेकाचा फोटो घ्यायचा आणि वाचता आलं तर दोन ओळींची नोंद करायची. मी गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ओसरीवर सतरंजी, तिच्यावर वर्तमानपत्रं, त्यावर कागद, कडेला दगड ठेवलेले. तिच्या वहीत १४२ नोंदी झाल्या होत्या. बऱ्याच नोंदींपुढं एकच शब्द : 'देणेघेणे'. काहींपुढं प्रश्नचिन्ह.

१४३ वा कागद लांब होता, जोड लावून लावून वाढवलेला आणि गुंडाळी केलेला. वरच्या चार बोटांत तिला आपल्या गावाचं नाव लागलं. तिनं दोनदा वाचलं, मला दाखवलं, आणि बोट तिथंच ठेवून पुढं गेली. पाटीलकीचा वाद होता. महजर होता.

तिचा फोन वाजला. वडील होते, दुकानातून बोलत होते, मागं रेडिओ लागलेला ऐकू येत होता. आपल्या गावाचा कागद निघालाय, असं तिनं सांगितलं. जुना, फार जुना. पलीकडं क्षणभर काहीच आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "आपल्यातलं कुणी हाय का त्यात?"

"नाना, अजून वरचंच वाचतीय," ती म्हणाली. "माणसं शेवटाला असत्यात. तिथवर आले की सांगते."

तिनं फोन ठेवला, गुंडाळी आणखी वीतभर उलगडली आणि कडेला दगड ठेवला.